नळाला धार नाही: पंप लावू की भिंत फोडू? (इंदूर)

अनघा_लोकमान्यनगर

नमस्कार मंडळी. प्रश्न अगदी घरगुती आहे पण डोकं उठलंय म्हणून धागा काढतेय.

घर लोकमान्य नगरला, सासऱ्यांनी १९८४ साली बांधलेलं. खाली आम्ही, वर दीर-जाऊ. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते अंगणातल्या हौदात पडतं आणि मोटर लावून गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत चढवतो. लाईन जुनी, जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप), भिंतीच्या आतून. फक्त वरचं बाथरूम मध्यंतरी नवं केलं, तिथे सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचा पाईप), सिंगल लिव्हरवाला मिक्सर आणि जाऊबाईंच्या हौसेचा तो छताजवळ लागतो तसला चौकोनी मोठा शॉवर.

तर वरचा शॉवर पहिल्या दिवसापासून रडतोय. पण आता दिवाळीपासून खाली स्वयंपाकघरातसुद्धा धार बारीक झालीये. कुकर भरायला उभं राहायचं म्हणजे मध्ये फोडणी करपते.

एक प्लंबर येऊन गेला, म्हणाला प्रेशर पंप लावा. दुसरा म्हणाला जीआय सडलंय, सगळी लाईन बदला, म्हणजे टाइल्स फोडा. आणि नणंदेच्या यजमानांचं म्हणणं की टाकी दोन हजारची घ्या, पाण्याच्या वजनाने प्रेशर येईल. तिघांची तीन मतं, तिन्हीत खर्च आमचा. आधी काय तपासायचं ते सांगा कोणीतरी.

सरवटे_ते_राजवाडा

स्वच्छतेत देशात पहिला नंबर आणि अंघोळीला तांब्या-बादली. वा रे आमचं इंदूर.

सरळ_हिशोब

एवढा विचार कशाला. अर्ध्या एचपीचा पंप टाकीच्या आउटलेटला लावायचा, विषय संपला. आम्ही लावलाय, मस्त चालतो. तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीचं संशोधन करता.

नलदमयंती

@सरळ_हिशोब, पाणी पंपापर्यंतच नीट येत नसेल तर पंप काय हवा ओढणार? चिमटलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढून बघा एकदा.

अनघा, पंप-बिंप नंतर. आधी कागद घे आणि घरभर फिर. एकाच नळाला कमी आहे की सगळ्यांना? गरमला कमी की थंडला की दोन्हीला? हळूहळू होत गेलं की एका दिवसात झालं? सकाळी कमी आणि दुपारी बरं असं होतं का? एवढ्यावर अर्धं निदान होतं. एकच नळ असेल तर त्याच्या तोंडाची जाळी नाहीतर खालचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून निघणारा छोटा वाल. एकाच बाथरूमला असेल तर भिंतीतला स्टॉप कॉक. फक्त गरमला असेल तर गीझरकडे बघायचं. अख्ख्या घराला असेल तर टाकीजवळ, कारण सगळ्यांना सामाईक असं तेवढंच असतं.

आणि हो, माझ्या नावावर विनोद करून झालेले आहेत, नवीन असेल तरच लिहा.

पोहे_जिलबी_५६

नळ बदलला तर दमयंती ओळखेल का हो?

नलदमयंती

झालेला आहे. पुढचा.

मांजलपूरची_मेधा

टाकी मोठी केल्याने प्रेशर वाढत नाही हो!! हे गैरसमज आमच्या बडोद्यातही घरोघरी. प्रेशर येतं ते पाण्याच्या उंचीचं, किती लिटर आहे त्याचं नाही. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला), म्हणजे एक मीटरला शंभर ग्रॅम. दोन हजारची टाकी बुटकी नि रुंद असेल तर उलट पाण्याची पातळी खाली येईल आणि होतं तेही जाईल. नंदेच्या यजमानांना सांगा प्रेमाने.

अनघा_लोकमान्यनगर

प्रेमाने सांगितलं तरी ते एमएससी फिजिक्स आहेत, त्यामुळे मी नाही सांगणार, हे सांगतील.

@नलदमयंती, फिरले घरभर. खाली स्वयंपाकघर, मोरी, संडास, सगळीकडे कमी. वर बेसिनला कमी, शॉवरला तर थेंब. गरम-थंड दोन्ही. सकाळ-दुपार फरक नाही. खालची जाळी काढून पाहिली, दोन खडे निघाले, फरक शून्य.

खातीवाला_टँक

आमच्याकडे सेम झालं होतं तेव्हा जीआयच निघाला. तोडलेला तुकडा अजून ठेवलाय मी, अर्धा इंची पाईपमधून पेन्सिल जेमतेम जाईल एवढंच भोक उरलेलं, बाकी सगळा गंज आणि क्षार. बोअरिंगचं पाणी मिसळत होतो आम्ही कित्येक वर्षं, आपल्या माळव्याच्या काळ्या दगडातलं पाणी किती कडक आहे ते बादलीला बसणाऱ्या पांढऱ्या थरावरून कळतंच. तुमच्याकडे बोअरिंग आहे का? असेल तर दुसरा प्लंबर खरं बोलतोय. फोडायचंच असेल तर एकदाच फोडा.

आणि लक्षात घ्या, भोक निम्मं झालं म्हणजे पाणी निम्मं होत नाही, त्याच्यापेक्षा फारच कमी होतं.

रिटायर्ड_पीएचई

खातीवालांचं बरोबर आहे, हिशोब घातला तर आतला व्यास निम्मा झाल्यावर त्याच उंचीला पाणी सहाव्या हिश्श्याच्या आसपास राहतं, आणि गंजामुळे आत खडबडीत झालेलं असतं त्यामुळे त्याहूनही कमी. पण एक विचार करा. गंज वर्षानुवर्षं साचतो. तो दिवाळी बघून येत नाही. ताईंच्या घरी वरचा शॉवर पहिल्यापासून कमी आणि खालचं दिवाळीपासून कमी, म्हणजे हे दोन वेगळे आजार आहेत, एक औषध दोघांना लागू पडणार नाही.

दुसरी गोष्ट, नळ बंद असतानाचं प्रेशर वेगळं आणि चालू असतानाचं वेगळं. नळ बंद असला की पाणी स्थिर, तेव्हा पाईप आतून किती का अरुंद असेना प्रेशर पूर्ण दाखवणार, कारण पाणी वाहतच नाही तर अडणार कुठे? नळ उघडला की अडथळ्यावर प्रेशर खर्ची पडतं. म्हणून नळ बंद ठेवून घड्याळ (प्रेशर मोजायचं गेज) लावणारा आणि "प्रेशर तर आहे" म्हणून निघून जाणारा प्लंबर काही कामाचा नाही. दोन्ही बघावं लागतं. बंद असतानाच कमी असेल तर टाकी खाली आहे, दोष उंचीचा. बंद असताना ठीक आणि उघडल्यावर कोसळत असेल तर वाटेत काहीतरी अडलंय.

आता घरच्या टाकीवर किती प्रेशर असतं? खालच्या स्वयंपाकघराच्या नळापासून टाकीतल्या पाण्यापर्यंत अठरा-वीस फूट धरा, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या आसपास. बाजारात मिळणारं घड्याळ सात किंवा दहा किलोचं असतं, त्यावर काटा जागचा हललेलाही नीट कळत नाही. तेव्हा घड्याळाच्या भानगडीत पडू नका. मिस्त्री लेव्हल बघायला जी पारदर्शक नळी वापरतात ती आणा. तिचं एक टोक नळाला घट्ट बांधा, दुसरं उघडं टोक टाकीच्या वरपर्यंत न्या. नळ उघडा. नळीतलं पाणी टाकीतल्या पाण्याच्या रेषेला येऊन थांबेल. मग त्याच लाईनवरचा दुसरा एखादा नळ पूर्ण सोडा आणि नळीत पाणी किती खाली उतरतं ते बघा. जितके फूट उतरलं तितके फूट प्रेशर टाकीपासून तिथपर्यंतच्या वाटेत खर्ची पडलं. एक रुपयाचं मशीन लागत नाही.

मग तीच नळी टाकीच्या जवळ जवळ सरकवत न्यायची. जिथे पाणी उतरायचं बंद होतं त्याच्या खाली दोष.

सरळ_हिशोब

काका एवढं करेपर्यंत पंप लावून दोन अंघोळी होतात.

रिटायर्ड_पीएचई

लावा की. जुन्या जीआयवर लावा. आतले गंजाचे पापुद्रे सुटून पहिल्या आठवड्यात सगळ्या जाळ्या भरतील आणि पाईप जिथे चुडीवर (जोडाच्या आट्यांवर) पातळ झालाय तिथे भिंतीत ओल दिसेल. तुमच्याकडे नवी लाईन असणार म्हणून चाललं.

सरळ_हिशोब

नवीच आहे. बरं.

लष्करची_सुनंदा

मी ग्वाल्हेरहून. अनघाताई, काका म्हणतात ते वाचून एकच विचारते. दिवाळीत तुमच्याकडे टाकी धुतली का?

अनघा_लोकमान्यनगर

हो! दरवर्षी धुतो. यंदा माणूस बोलावला होता. का?

लष्करची_सुनंदा

मग टाकीखालचा वाल बघा आधी. धुताना तो बंद करतात, आणि वर्षभर न हललेला जुना गेट वाल जोर लावून फिरवला की आतली पाणी अडवणारी पट्टी दांड्यापासून सुटते. चाक फिरतं, उघडतंय असं वाटतं, पट्टी आत अर्धी लटकलेली. आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं आणि घरातले सगळे पुरुष चाक फिरवून सांगत होते की वाल पूर्ण उघडा आहे.

सरवटे_ते_राजवाडा

पुरुष चाकच फिरवतात हो, संसारात अजून काय करणार.

नलदमयंती

सुनंदाताई _/\_ हा प्रश्न मी विचारायला हवा होता.

बिलावली_बोट

गाळाचंही बघा. टाकी धुताना तळाचा गाळ आउटलेटच्या तोंडाशी ढकलला जातो. शिवाय त्या नवीन टाक्यांमध्ये पॅकिंगची पन्नी राहते, ती तोंडाला चिकटून बसते, आमच्या शेजाऱ्यांनी तेवढ्यासाठी सगळे नळ बदलले होते.

आणखी एक, टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की लाईनीत हवा अडकते. गच्चीवर पाईप कठड्यावरून चढवून खाली उतरवला असेल तर त्या उंचवट्यात हवा बसते आणि इतक्या कमी प्रेशरला तिला ढकलता येत नाही. नळ फुसफुसतो, तुटक धार येते. आउटलेटनंतर हवेचा उभा पाईप टाकीच्या वरपर्यंत काढलेला असला तर हा त्रास होत नाही. जुने मिस्त्री काढायचे, आताचे पैसे वाचवतात.

अनघा_लोकमान्यनगर

फुसफुस नाही, धार सलग आहे पण बारीक. हवेचा पाईप आहे, सासऱ्यांनी काढून घेतलेला. वाल आहे गेटवालाच, पितळी, हिरवा पडलेला. रविवारी दीर बघणार आहेत. नळी पण आणते.

कृष्णपुरा_छत्री

मला एक सांगा, नर्मदेच्या लाईनवरच टुल्लू (पाणी ओढायचा छोटा पंप) लावला तर? गल्लीत सगळे लावतात. हौद कशाला मग.

रिटायर्ड_पीएचई

नका लावू, आणि लावणाऱ्याला सांगा. बेकायदा तर आहेच, पालिका जप्त करते, पण खरं कारण वेगळं आहे. टुल्लू लाईनीतून ओढतो तेव्हा त्या भागात पाईपच्या आतलं प्रेशर शून्याच्याही खाली जातं. जिथे जॉइंट सुटलेला असेल तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते, आणि आपल्याकडे पाण्याची आणि ड्रेनेजची लाईन एकाच गल्लीत किती अंतरावर असतात ते खोदलेलं कधी पाहिलंत का? पाणी एक दिवसाआड येतं म्हणजे मधल्या वेळात लाईन रिकामीच, त्यात ही ओढाताण. हौदात आपोआप पडू द्या, हौदातून काय ती मोटर लावा.

नर्मदा जलूदहून, मंडलेश्वरजवळून, विंध्याचा घाट चढून सत्तर किलोमीटर येते. नदीची पातळी आणि इंदूर यांत चारशे मीटरच्या आसपास फरक. एवढी वीज खर्चून आणलेल्या पाण्यात शेवटच्या दहा फुटांत गटार मिसळायचं?

पोहे_जिलबी_५६

काका नर्मदा आली ते वर्ष कोणतं? आमच्या आजी सांगायच्या की त्याआधी यशवंत सागर नि बिलावलीचं पाणी यायचं आणि उन्हाळ्यात टँकरच्या मागे पळायचं.

रिटायर्ड_पीएचई

१९७८. आंदोलन करून मिळवलेलं पाणी आहे इंदूरकरांनी, उगीच नाही लोक नळाला "नर्मदा आली" म्हणत.

मांजलपूरची_मेधा

आमच्या बडोद्याला सयाजीरावांनी आजवा तलाव बांधला, एकोणिसाव्या शतकात, पाणी उताराने शहरात यायचं, पंपाचं नावच नाही. राजा असावा तर असा.

लष्करची_सुनंदा

आणि आमच्या तिघरा धरणाला विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे. खडकवासल्याला १९०३ मध्ये लावले ते पहिले, तिघरा त्यानंतर. तेव्हा बडोदेकरांनी थोडं शांत घ्यावं.

सरवटे_ते_राजवाडा

शिंदे, होळकर, गायकवाड तिघेही आले धाग्यावर. पेशव्यांकडून कोणी आहे का?

खातीवाला_टँक

पुण्याचे लोक टँकरच्या रांगेत असतील.

वॉशिंगमशीन_पीडित

मध्येच विचारतो, आमची मशीन पाणी घेत नाही, एरर देते. कंपनीचा माणूस म्हणाला प्रेशर कमी. पण बाजूचा नळ तर जोरात वाहतो!

नलदमयंती

मशीनचा पाईप मशीनच्या बाजूने काढा, तोंडाशी बारीक जाळी असते, बोटभर खोल, पकडीने हळूच ओढली की येते. बहुतेक ती गाळाने भरलेली असेल. ती साफ असेल तर भिंतीकडचा नळ बघा, आतलं रबरी वायसर फुगून भोक बुजवतं. हे फुगलेलं वायसर फार फसवं, बाहेरून सगळं नवंकोरं दिसतं. लवचिक जाळीदार पाईपच्या टोकाला पण तेच होतं, जास्त आवळला की रबर आत सरकतं.

वॉशिंगमशीन_पीडित

जाळीच होती. आत चिखल आणि टेफलॉन टेपचा गुंता निघाला. धन्यवाद, कंपनीचा माणूस व्हिजिटचे पैसे घेऊन गेला ते गेलेच.

राऊची_वीणा

गरम पाण्यासाठी पण कोणीतरी लिहा ना. थंड छान, गरम बारीक, गीझर बदलून झाला.

बिलावली_बोट

गीझरच्या इनलेटला एक छोटा वाल असतो, पाणी उलट जाऊ न देणारा, एनआरव्ही म्हणतात. आत स्प्रिंग असते. टाकीच्या पाण्याला आधीच जोर कमी, त्यातला काही ती स्प्रिंग उघडण्यातच जातो, आणि क्षार बसला की अर्धीच उघडते. पण काढून टाकू नका, प्रेशर वाढलं तर वाफ सोडायची सोयही बऱ्याचदा त्यातच असते. साफ करून किंवा नवीन बसवून घ्या. गीझर बदलताना प्लंबरने जुनाच परत लावला असणार, पैज.

राऊची_वीणा

जुनाच लावलाय!! आत्ता जाऊन पाहिलं.

अनघा_लोकमान्यनगर

मंडळी, रविवारचा वृत्तांत. लांबलचक आहे.

दीर आणि आमचे हे, दोघं सकाळपासून गच्चीवर. हे मुळात टुल्लू लावू या म्हणणाऱ्या पंथाचे, पण नळी मात्र सगळ्यात उत्साहाने ह्यांनीच धरली. वरच्या बाथरूममधल्या हेल्थ फॉसेटच्या जागी नळी बांधली, ती व्हेंटिलेटरमधून काढून गच्चीवर टाकीला टेकवून उभी केली. पहिल्यांदा काही कळेना कारण नळीत बुडबुडे अडकलेले, पाणी भलत्याच उंचीला दिसत होतं, ते झटकून काढल्यावर बरोबर टाकीतल्या पाण्याच्या रेषेला येऊन उभं राहिलं. काका, अंगावर काटा आला खरंच, इतकं सरळ आहे हे. मग मी बेसिनचा नळ सोडला आणि नळीतलं पाणी सर्रकन खाली, टाकीच्या तळाच्याही खाली गेलं.

म्हणजे दोष बाथरूमच्या आधी, भिंतीतल्या नव्या लाईनीत नाही.

मग गच्चीवर कपडे धुवायचा नळ आहे, टाकीच्या वालनंतरच्या पहिल्याच टीवर (पाईपचा तीन तोंडांचा जोड), तिथे नळी लावली. खाली स्वयंपाकघराचा नळ सोडायला सांगितला. तिथेही पाणी तेवढंच खाली! टाकीपासून तिथपर्यंत हातभर पाईप आणि तो वाल, दुसरं काहीच नाही.

वाल खोलायला प्लंबर बोलावला (तिसरा, पहिले दोघं नाही). बॉनेट (वालचं वरचं झाकण) उघडलं तर दांडा वर, पट्टी खाली, मध्ये काही संबंध नाही. सुनंदाताई, तुमच्या पायाशी नारळ फोडायला ग्वाल्हेरला यायला पाहिजे. तिथे आता सव्वा इंची बॉल वाल बसवला, पूर्ण भोकाचा, आणि दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे जोड) टाकल्या म्हणजे पुढच्या वेळी पाईप न कापता काढता येईल. टाकीच्या तोंडाशी गाळ होता तोही काढला.

आता खाली सोळा लिटरची बादली दीड मिनिटाच्या आत भरते, आधी चारच्या वर लागायची. टाइल्स एक फुटली नाही.

लष्करची_सुनंदा

नारळ नको, ५६ दुकानवरचा खोपरा पॅटिस चालेल.

खातीवाला_टँक

मग जीआय ठीक निघाला म्हणायचं. माझा पाईपचा तुकडा परत कपाटात.

रिटायर्ड_पीएचई

चाळीस वर्षांचा जीआय आहे, ठीक असेल असं नाही, आत्ता आड येत नाहीये एवढंच. नवीन वाल टाकल्यावर पुन्हा तीच नळीची परीक्षा करा. गच्चीवर पाणी उतरत नसेल आणि खाली स्वयंपाकघराच्या टोकाला बरंच उतरत असेल तर तेवढा गंज. टोकाचं माप लिहून ठेवा, पुढच्या वर्षी परत घ्या, वाढलं तर लाईनचा विचार करा. आणि बदलायचीच झाली कधी, तर जुनी भिंतीत तशीच सोडून नवीन बाहेरून डक्टमधून उतरवा. फोडाफोड निम्मी होते.

मांजलपूरची_मेधा

सगळं झालं पण मूळ धाग्यात वरचा शॉवर होता त्याचं काय? जाऊबाई अजून तांब्यावर आहेत का?

अनघा_लोकमान्यनगर

हो ना! बेसिन आता छान आहे. शॉवर पूर्वी थेंब होता तो आता... थेंबांची रांग आहे. मिक्सरचा कार्ट्रिज (आतला वालचा भाग) काढून बघितला, स्वच्छ.

रिटायर्ड_पीएचई

हा दुसरा आजार, मी म्हटलं होतं. तुमची टाकी स्लॅबवर किती उंच आहे?

अनघा_लोकमान्यनगर

उंच कुठली, विटांच्या दोन थरांवर.

रिटायर्ड_पीएचई

मग मोजा. शॉवर छताजवळ, तिथून स्लॅब, विटा आणि टाकीतलं पाणी, टाकी भरलेली असताना सहा-सात फूट, तळाला आल्यावर चारच्या आसपास. म्हणजे दोनशे ग्रॅम ते सव्वाशे. तसला मोठा शॉवर अर्धा-एक किलोच्या हिशोबाने बनवलेला असतो. तिथे अडलेलं काहीच नाही, उंचीच नाही. लाईन कितीही साफ केली तरी तो तसाच पडणार.

पर्याय तीन. टाकी लोखंडी स्टँडवर पाच-सहा फूट उचलायची, त्यासाठी स्लॅबखाली बीम कुठे आहे ते इंजिनिअरला दाखवून, हजार लिटर म्हणजे एक टन वजन आहे, वाटेल तिथे उभं करायचं नाही. किंवा शॉवर बदलून साधा, मोठ्या भोकांचा, हँड शॉवर घ्या, तो हातात धरून खाली आणला की उंचीही वाढते. किंवा फक्त त्या बाथरूमच्या नव्या सीपीव्हीसीवर छोटा पंप, बायपास (पंप टाळून जाणारी वाट) ठेवून, म्हणजे वीज गेली तरी पाणी येईल. खालच्या जीआयला त्याचा स्पर्श होता कामा नये.

सरळ_हिशोब

शेवटी पंपच ना? मी दुसऱ्याच पोस्टीत म्हटलं होतं.

नलदमयंती

तुम्ही म्हटलं तेव्हा लावला असता तर तुटलेल्या पट्टीमागून ओढत बसला असता आणि घुर्र घुर्र करत जळला असता. वेळ महत्त्वाची असते साहेब.

सरळ_हिशोब

पण पंपच.

अनघा_लोकमान्यनगर

जाऊबाईंनी हँड शॉवर नाकारला आहे. पंपाचं बघतोय. छोट्या पंपात काय बघायचं?

बिलावली_बोट

तो कशावर चालू होतो ते विचारा. काही पाणी वाहायला लागल्यावर सुरू होतात, त्यांना सुरुवातीला थोडी तरी धार लागते, तुमच्या शॉवरला तेवढीच नसेल तर नळ उघडून उभे राहाल आणि पंप झोपलेला. प्रेशर उतरलं की चालू होणारा घ्या. मात्र त्याचं उलटं, कुठे थेंबभर गळती असेल तर रात्रभर चालू-बंद करत राहतो, म्हणून आधी सगळे वायसर बघून घ्या. आणि गीझरवर किती प्रेशर चालतं ते लिहिलेलं असतं, पंप त्याच्या आतलाच घ्या.

तुळशीनगरचा_मंदार

उशिरा आलो. आमची चार मजली बिल्डिंग, मी सगळ्यात वर. दिवसभर पाणी झकास, फक्त सकाळी सात ते नऊ बंद झाल्यासारखं, कधी कधी तर नळ उघडला की आत हवा ओढल्याचा आवाज येतो. वाल, जाळ्या सगळं बघून झालं. टाकी माझ्याच डोक्यावर आहे हो, सगळ्यात जवळ मी!

रिटायर्ड_पीएचई

जवळ आहात म्हणूनच. सगळे मजले एकाच उतरत्या पाईपवर असणार. तळमजल्याला उंची जास्त मिळते, त्यांनी नळ सोडले की सामाईक पाईपात पाणी इतक्या जोरात खाली जातं की तुमच्या टीपाशी प्रेशर उरतच नाही, उलट तुमच्या नळातून हवा खेचली जाते. खालच्यांचा दोष नाही, पाईप लहान आहे. टाकीतून तुमच्या मजल्यासाठी वेगळी लाईन उतरवा, नाहीतर सामाईक पाईप वरच्या भागात मोठा करून हवेचा पाईप काढा. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये नुसतं सांगून कोणी ऐकणार नाही. सकाळी आठ वाजता नळी लावून सेक्रेटरीला दाखवा.

तुळशीनगरचा_मंदार

नळी कुठली घ्यायची काका? किती जाड?

रिटायर्ड_पीएचई

हार्डवेअरवाल्याकडे लेव्हल पाईप मागा, मीटरवर देतो. आठ-दहा मिलीमीटरची पुरे. नळाला बसवायला रबराचा तुकडा आणि क्लिप घ्या, नुसती दोरी सुटते. पाण्यात चिमूटभर हळद घातली तर सेक्रेटरीला चष्म्याशिवाय दिसेल, फक्त ते पाणी लाईनीत परत जाऊ देऊ नका, आधी नळ बंद करून मग नळी काढा.

नलदमयंती

आणि टाकीचं झाकण लावायला विसरू नका, माकडं आहेत तुळशीनगरला.

तुळशीनगरचा_मंदार

माकडं नाहीत, सेक्रेटरीची मुलं आहेत. शनिवारी लावतो.